घरातील शर्करामापन आणि आपली जबाबदारी



मधुमेहाच्या चिकित्सेचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद, संशोधनशाळेत नव्हे तर सोलापूरच्या पूर्व भागातील एका दवाखान्यात ज्याची हयात गेली अशा चिकित्सकाकडे सोपवून आपण ज्या वर्गाचा बहुमान केलात, त्या वर्गाच्या वतीने मी आपले आभार मानतो, आणि त्या वर्गाला रोज जिच्याशी गाठ पडते ती अडचणच आजच्या भाषणाचा विषय करण्याची मुभा घेतो. नवीन औषधे आणि त्यांचे गुणदोष यांविषयी पुढील दोन दिवसांत अधिकारी वक्ते बोलतील. मी बोलणार आहे तो त्या आकड्याविषयी, ज्याच्या आधारावर ही सारी औषधे कमीजास्त होतात. तो आकडा कोण काढतो, कोणत्या परिस्थितीत काढतो आणि काढल्यानंतर त्याचे पुढे काय होते, याविषयी.

ज्यांनी माझ्याबरोबर वैद्यकाचे शिक्षण घेतले त्यांना बेनेडिक्टच्या द्रावणाची निळी बाटली आठवत असेल. परीक्षानळीत पाच मिलिलिटर द्रावण घ्यावे, त्यात मूत्राचे आठ थेंब सोडावे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळावे आणि रंग पाहावा: निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर थोडी आहे, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर पुष्कळ आहे. मूत्राला मुंग्या लागतात हे निरीक्षण चरकसंहितेत आहे, आणि तो गोडवा साखरेचाच असल्याचे मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली दाखवून दिले. त्या दीर्घ परंपरेचे शेवटचे टोक म्हणजे ही निळी बाटली. परंतु रक्तातील शर्करा साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रात उतरत नाही, आणि उतरली तरी ती मागील काही तासांची हकीकत सांगते, आत्ताची नव्हे. शिवाय ज्याची शर्करा १२० आहे आणि ज्याची ४० वर येऊन ठेपली आहे, अशा दोघांचीही नळी सारखीच निळी राहते, म्हणजे ज्या घटकेला माहितीची सर्वाधिक गरज त्याच घटकेला ही परीक्षा मौन धरी.

१९६५ साली रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी निघाली आणि थोड्याच वर्षांत तो रंग वाचणारे यंत्र आले. ते रुग्णाच्या घरासाठी केलेले नव्हते. रुग्णालये आणि डॉक्टर यांनाच ते मिळत असे. रिचर्ड बर्नस्टाईन नावाचे अमेरिकन अभियंता, जे बाराव्या वर्षापासून मधुमेही होते, त्यांनी आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर ते मिळवले, स्वतःचे रक्त दिवसातून अनेकदा तपासून इन्शुलिनची मात्रा बसवली, आणि आपले म्हणणे वैद्यकवर्ग मनावर घेत नाही असे पाहून, वयाची चाळिशी उलटल्यावर स्वतःच वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. घरी बसून स्वतःची शर्करा मोजण्याचा अधिकार रुग्णाला आपण आपखुशीने दिलेला नाही. तो एका रुग्णाने दुसऱ्याच्या सनदेवर मिळवला.

पुढे १९९३ साली अमेरिका व कॅनडा येथील १४४१ रुग्णांवरील प्रदीर्घ प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वादाचा निकाल लागला. शर्करा काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत नेत्रपटलाच्या विकाराचा आरंभ ७६ टक्क्यांनी घटला. मात्र शर्करा धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग त्याच गटात सुमारे तिप्पट झाले. काटेकोरपणाची ही किंमत ज्याला द्यायची नाही त्याने वारंवार मोजले पाहिजे. त्या प्रयोगाच्या काटेकोर गटातील मंडळी दिवसाला किमान चार वेळा मोजत होती. तेव्हापासून आपणही आपल्या रुग्णांना मोजण्यास सांगतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, मोजण्याचे काम आपण रुग्णाच्या हाती दिले, परंतु ते शिकवण्याची, त्याचा खर्च पेलण्याची आणि त्या मोजणीचा अर्थ लावण्यास रुग्णाला समर्थ करण्याची जी जबाबदारी त्या कामाबरोबर यावयास हवी होती, ती आपण अद्याप पुरती उचललेली नाही.

प्रथम रक्ताच्या थेंबाचाच विचार करू. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांत विडी वळणाऱ्या पुष्कळ आहेत. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, अंगठा आणि दोन बोटे यांच्या टोकांनी पान वळायचे आणि तोंड दुमडून बंद करायचे. त्यांच्यातील एका वयस्क बाईंना सुई कशी टोचावी हे परिचारिका दाखवीत असता त्यांनी उजवा हात मागे घेतला आणि म्हणाल्या, “ही बोटं नाही द्यायची मी, बाई. दुखायला लागली तर विडी वळायची कशानं?” मग त्यांनी डाव्या हाताची करंगळी पुढे केली. तिचीही कातडी तंबाखूच्या कामाने इतकी निबर झालेली, की सुईची खोली वाढवावी लागली आणि तरीही थेंब अपुरा पडला. बाईंनी बोट आवळून तो बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, आणि जोराने दाबलेल्या बोटातून रक्ताबरोबर ऊतींतील पाणीही येते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पट्टी वाया गेली. दुसऱ्या खेपेस आम्ही हात कोमट पाण्याने धुऊन, थोडा वेळ खाली सोडून, करंगळीच्या अग्रावर नव्हे तर कडेला टोचले, आणि थेंब आपोआप आला. या साऱ्या खटाटोपाला दहा मिनिटे लागली. ही दहा मिनिटे आपल्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात कोणाच्या तरी वेळापत्रकात आहेत, हा प्रश्न मी परिषदेपुढे ठेवतो.

अशा बारीकसारीक गोष्टींवर आकडा किती अवलंबून असतो, हे शिकलेल्या माणसालाही ठाऊक नसते. वैशाखात आंबा चोखून हात नुसता पुसलेल्या माणसाच्या बोटावर फळाची साखर राहते आणि यंत्र प्रामाणिकपणे तीही मोजते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण कोकणच्या पावसाळ्यात उघडे राहिले, किंवा ती डबी विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या घरात फडताळावर राहिली, तर मुदत संपण्यापूर्वीच पट्टीतील विकर निकामी होऊ लागते. रक्ताल्पता असलेल्या स्त्रीच्या बाबतीत अनेक यंत्रे वास्तवापेक्षा अधिक आकडा दाखवतात, आणि आपल्या प्रांतात रक्ताल्पता ही काही अपवादात्मक स्थिती नव्हे. सुईविषयी तर मी कठोरपणे बोलेन: एकच सुई महिनोन्‌महिने वापरली जाते हे दुःखद आहे, पण एकच टोचणी सासू, सून आणि शेजारीण यांच्यात फिरते हे भयावह आहे, कारण त्या वाटेने कावीळ ब चा विषाणू घरोघर जातो.

यंत्र निर्दोष, हात स्वच्छ आणि पट्टी ताजी असली तरीही आकडा हा अंदाजच असतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभराच्या वरील शर्करेत यंत्राने १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवलेले चालते, शंभराच्या खाली १५ मिलिग्रॅमपर्यंत; आणि हेही शंभरापैकी पंचाण्णव वेळा साधले म्हणजे पुरे. म्हणजे प्रयोगशाळेत जे २०० असेल ते घरी १७० किंवा २३० दिसले तरी यंत्र नियमाबरहुकूमच चालले आहे. त्यातून जेवणानंतर बोटाच्या केशवाहिन्यांतील रक्तात शर्करा शिरेतील रक्ताहून मुळातच अधिक असते. हे न सांगितल्यामुळे काय घडते ते आपण रोज पाहतो: सकाळी प्रयोगशाळेचा आकडा १६४, घरचा १८८, आणि सायंकाळी एक हवालदिल गृहस्थ यंत्र पिशवीत घालून आपल्यासमोर येतात व म्हणतात, “डॉक्टर, मशीन बिघडलंय.” त्यानंतर पुष्कळदा ते यंत्र कपाटात जाते आणि तेथेच राहते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीवर भिस्त ठेवून या अडचणीतून सुटका होईल असे मानणाऱ्यांना मी गडचिरोली आणि नंदुरबार यांची आठवण करून देतो. जेथे सिकलसेलचा विकार आहे तेथे तांबड्या पेशींचे आयुष्यच तोकडे, त्यामुळे ही सरासरी खोटी दिलासादायक येऊ शकते. उलट लोहाच्या अभावाने झालेल्या रक्ताल्पतेत ती उगाच फुगते. शिवाय पहाटे ५० आणि दुपारी ३०० असा हेलकावा खाणाऱ्याची सरासरीही सभ्यच दिसते.

दंडावर चिकटवायच्या संवेदकांनी या क्षेत्रात खरी क्रांती केली आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. बोट न टोचता दिवसरात्रीचा आलेख दिसू लागला आणि मध्यरात्री मुलाची शर्करा उतरताना आईला जागे करणारा गजर मिळाला. मात्र हे संवेदक रक्त नव्हे तर पेशींमधील द्रव मोजतात, म्हणून शर्करा वेगाने चढत-उतरत असता ते काही मिनिटे मागे असतात. संवेदक असलेल्या कुशीवर झोपल्याने दाब पडला तर खोटा गजरही वाजतो. आणि दोन आठवड्यांत संपणाऱ्या एका संवेदकास काही हजार रुपये पडतात.

तेव्हा पैशाची बाब टाळून चालणार नाही. एक पट्टी वीस रुपयांची धरली आणि दिवसाला चार मोजण्या धरल्या, तर महिन्याला २४०० रुपये होतात; सुया, इन्शुलिन आणि दवाखाना वेगळा. यंत्र स्वस्त मिळते, कधी फुकटही मिळते, पण त्यात त्याच कंपनीची पट्टी चालते. ज्या घरात दोघे मजुरी करतात आणि मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, तेथे प्रत्येक पट्टीपूर्वी मनात जमाखर्च होतो, आणि पट्टी वाचवण्यासाठी नेमकी रात्रीची मोजणी वगळली जाते. दुसरीकडे, शर्करा अकस्मात उतरवीत नाहीत अशा गोळ्यांवर वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या सुखवस्तू गृहस्थांना आपण रोजच्या मोजणीचे फर्मान सोडतो, ज्यातून चिकित्सेत काडीचाही फेरफार होत नाही. ज्या आकड्यावरून काही ठरवायचे नाही, त्यासाठी कोणाचेही बोट टोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जी मला सर्वांत अधिक बोचते. रुग्ण नोंदवही आणतो. तिच्यात १३०, १४०, १२५, १३५ असे सुरेख, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेले आकडे असतात. यंत्राची स्मृती उघडली तर तेथे २४२ आणि ६१ असतात, किंवा काहीच नसते. या माणसाला खोटारडा म्हणणे सोपे आहे. परंतु त्याने मागच्या खेपेस २४२ दाखवले तेव्हा त्याला काय मिळाले? “काय खाल्लं होतं?” हा प्रश्न, घरच्यांसमोर, लग्नातल्या जिलबीचा उल्लेख, आणि पुढच्या वेळी सुधारण्याची ताकीद. त्या २४२ मागे जिलबी नसून दुखरा दात असेल, रात्रपाळी असेल, गुडघ्यात घेतलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन असेल, किंवा पोटाच्या एकाच जागी सतत टोचल्याने आलेली गाठ, जिच्यातून इन्शुलिन नीट शोषले जात नाही, तीही असेल. हे विचारण्यास आपल्याला फुरसत नसते. आकडा हा चौकशीचा आरंभ असावयास हवा, त्याचा आपण निवाडा करून टाकला, आणि निवाड्याला भिणारा माणूस साक्ष बदलतो. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीनंतर वाढलेला आकडा जो रुग्ण न घाबरता आपल्याला सांगू शकतो, त्याच्या उपवासाविषयी आपण काही उपयुक्त सल्ला देऊ शकतो; जो तो लपवतो त्याला आपण निरुपयोगी झालो आहोत.

म्हणून या परिषदेने काही तजवीज करावी अशी माझी शिफारस आहे. ज्या दवाखान्यात इन्शुलिन सुरू केले जाते तेथे मोजणी शिकवणारी एक व्यक्ती असावी, तिने रुग्णाला स्वतःच्या हाताने थेंब काढावयास लावावे, आणि वर्षातून एकदा त्याचे यंत्र प्रयोगशाळेच्या उपाशीपोटीच्या आकड्याशी ताडून द्यावे. छापील नोंदवहीत आकड्याच्या शेजारी “तेव्हा काय चालले होते” आणि “मग काय केले” असे दोन रकाने असावेत, कारण आकडा ७० च्या खाली दिसताच तीन चमचे साखर घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या आकड्याचा काही लाभ आहे. इन्शुलिन घेणारी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून इन्शुलिनबरोबरच पट्ट्याही मिळाव्यात, यासाठी शासनाकडे मागणी करणे हे आपले कर्तव्य आहे; मोजण्याचे साधन न देता इन्शुलिन देणे ही अर्धी चिकित्सा आहे, आणि या औषधाच्या बाबतीत अर्धेपणा जिवावर बेतू शकतो.

मुलांविषयी आणखी एक शब्द. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी नेण्याची परवानगी दिली. परंतु वर्गात, मधल्या सुटीपूर्वी, हात थरथरू लागलेल्या मुलीने यंत्र बाहेर काढले तर तिला बाईंनी थांबवू नये, तिला कोपऱ्यात किंवा प्रसाधनगृहात पाठवू नये, आणि तिचा आकडा ५५ असेल तर तिला एकटीला घरी धाडू नये, एवढे ज्ञान प्रत्येक शाळेत पोहोचलेले नाही. ते पोहोचवण्यासाठी निधी लागत नाही. आपल्या प्रत्येक सभासदाला आपल्या गावातील शाळांत वर्षातून एक तास जावे लागते. या सर्व सूचनांचा एकत्रित मसुदा आज दुपारी विषयनियामक समितीसमोर येईल, आणि त्यात शाळांचे कलम पहिले घ्यावे, अशी माझी समितीला विनंती आहे.