चिंबोरीची नवी नांगी

कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाळ्यात एखादी चिंबोरी एक नांगी मोठी, एक इवलीशी अशी निघाली, तर कुणाला नवल वाटत नाही. तुटलेली नांगी कवच टाकताना पुन्हा उगवते.

आपल्याला हात नव्यानं फुटत नाही. आतड्याचं अस्तर मात्र चार-पाच दिवसांत नवं होतं. हे काम नव्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशींचं. आणि वाढा, थांबा हे हुकूम जनुकांचे. विंट हे त्यातलं वाढीचं जनुक. एपीसी हे दुसरं जनुक त्याला लगाम घालतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हा लगामच तुटलेला सापडतो. म्हणजे कर्करोग हा बाहेरचा चोर नव्हे. काम संपल्यावरही विटा रचत बसलेला घरचाच गवंडी!

विंट सापडलं ते १९८२ साली, उंदरांच्या स्तनकर्करोगात. रूल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांना दिसलं, की हा कर्करोग घडवणारा विषाणू नेमका याच जनुकाशेजारी ठाण मांडतो. उंदीर, विषाणू, संप्रेरकं यांचा हा गुंता आपल्या परळमध्ये कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे त्याच्या कितीतरी आधीपासून सोडवत होत्या. पेशी शरीराबाहेर वाढवणारी प्रयोगशाळा त्यांनीच इथं उभारली. त्याच १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळक हवं होतं.

पेशींची जनुकं बिघडवायला विषाणूच लागतो असं नाही, तंबाखू आणि मशेरीही ती बिघडवतात. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.