पाळणा लांबविण्याची विद्या

मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगांव हें जंक्शन लागतें. धुळ्याकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. गांवाच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगररांगा आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशीं कापसाच्या शेतांमधून खेडीं, भिल्लांच्या वस्त्या व बंजाऱ्यांचे तांडे पसरले आहेत. अशा वस्तींत एखाद्या सुनेची पाळी चुकली, म्हणजे तें तिच्या बरोबरीनें खुरपणाऱ्या सोबतिणीला प्रथम कळतें, सासूला त्यानंतर, आणि दवाखान्याला सर्वांच्या शेवटीं. कुटुंबनियोजनाचें ज्ञान खेड्यांतील स्त्रीपर्यंत कोणत्या वाटेनें जावें, या प्रश्नाचें उत्तर या क्रमांतच आहे. परंतु तें ओळखण्यास महाराष्ट्राला सुमारें पन्नास वर्षें लागलीं.

आरंभ शहरांत झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. मेरी स्टोप्स बाईंनीं लंडनमध्यें आपला दवाखाना उघडला, तोही त्याच सालीं. या मतांपायीं कर्वे यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ सालीं त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ हें मासिक काढलें आणि १९५३ सालीं निधन होईपर्यंत तें पदरमोड करून चालविलें. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले. १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव रोहम यांनीं मांडला, तो फेटाळला गेला. शकुंतला परांजपे यांनीं पुण्यास हेंच कार्य हातीं घेतलें व पुढें अनेक वर्षें चालविलें. या मंडळींचें धैर्य असामान्य होतें. तथापि त्यांचें मुख्य साधन छापील अक्षर हें होतें, आणि ज्या स्त्रीला या ज्ञानाची सर्वांत अधिक गरज, तिला तें अक्षर वाचतां येत नव्हतें.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेंच हें कार्य अंगावर घेतलें. १९५२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढें लाल त्रिकोण गांवोगांवच्या भिंतींवर दिसूं लागला. मात्र भिंत बोलते, तिला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं. मग आणीबाणीच्या काळांत शिक्षणाची जागा धाकानें घेतली. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत सुमारें ८२ लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं संमतही केला होता; राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यानें तो अमलांत आला नाहीं. या धाकाचा परिणाम असा झाला, कीं पुरुषांनीं त्या शस्त्रक्रियेकडे कायमची पाठ फिरविली आणि सारा भार स्त्रियांवर येऊन पडला.

याच सुमारास तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत जामखेड येथें एक निराळा प्रयोग चालला होता. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य १९७० सालीं तेथें आलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत धाडून पाहिल्या. पण त्या परक्या गांवीं रमेनात, आणि गांवकऱ्यांनाही त्या आपल्या वाटेनात. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक स्त्री निवडून द्यावी असें ठरलें. अशा निवडलेल्या स्त्रियांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला जमत, एका पंक्तीस जेवत, एकत्र मुक्काम करीत, आणि गर्भ कसा राहतो, बाळाला अतिसार झाल्यास काय द्यावें, पाळणा कसा लांबवावा, हें चर्चेंतून शिकत. परत गेल्यावर तेंच त्या शेजारणींना सांगत. पुस्तक नव्हतें, म्हणून जें कळलें तें स्वतःच्या भाषेंत सांगण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आणि त्यामुळेंच तें ऐकणारीला समजलें.

जामखेडच्या अनुभवांत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. तेथें संततिनियमनाचा उपदेश आधीं झाला नाहीं. आधीं पाणी आणि अन्न यांचा विचार झाला, कारण लोकांनीं तेंच मागितलें होतें. १९७१ सालीं त्या भागांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत असत. ज्या आईनें अशीं दोन मुलें पुरलीं आहेत, तिला ‘दोन पुरेत’ असें सांगणें ही क्रूर थट्टा होय. मुलें जगूं लागलीं, आणि मग पाळणा थांबविण्याचें बोलणें तिला पटूं लागलें. १९९३ पर्यंत बालमृत्यूचें प्रमाण हजारीं १९ पर्यंत खालीं आलें, आणि जन्माचें प्रमाण हजारीं ४० होतें तें २० झालें. आरोळे दांपत्याला १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्या स्त्रियांनीं मात्र गांवांत मिळविलेला विश्वास हीच आपली कमाई मानली.

२००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून ‘आशा’ ही योजना आली. साधारण हजार वस्तीमागें एक, आणि ती त्याच गांवची विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्री असावी, हा तिचा नियम. चाळीसगांव तालुक्यांतील तांड्यावर आज अशी आशा घरोघर जाते. तिच्या पिशवींत निरोध असतात, गोळ्या असतात. पण खरें भांडवल म्हणजे तिची जीभ. ‘गर्भनिरोधक साधन’ हा शब्द ती सभेपुरता राखून ठेवते. घरांत ती अहिराणींत वा गोरबोलींत बोलते. तांबी म्हणते, पाळणा लांबविणें म्हणते. सासू शेतांत केव्हां जाते, हें तिला ठाऊक असतें. आणि कोणत्या सासूला आधीं वश करून घ्यावें लागेल, हेंही ठाऊक असतें.

तिचें ज्ञान किती बारीक असावें लागतें, याचें एक उदाहरण पुरे. २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ हें इंजेक्शन व ‘छाया’ ही गोळी मिळूं लागली. छाया पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घ्यावयाची. अंतरा दर तीन महिन्यांनीं टोंचून घ्यावयाचें. या इंजेक्शनानें पाळी अनियमित होते, कधीं थांबतेही. त्यांत अपाय नाहीं. पण तांड्यावर लगेच बोलवा उठते, कीं रक्त आंत सांचतें. येथें डॉक्टरांचें आश्वासन फारसें कामास येत नाहीं. जिनें स्वतः तें टोंचून घेतलें आहे, ती शेजारीण ‘मलाही असेंच झालें होतें’ म्हणाली, कीं भीति ओसरते. शिवाय दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्यांतच परततात. पुढच्या इंजेक्शनाची तारीख येते तेव्हां ती बाई परजिल्ह्यांत, साखर कारखान्याच्या पालावर असते. म्हणून गाडी निघण्यापूर्वीं तारीख मोजणें, गोळ्या बांधून देणें आणि पुढचा दवाखाना विचारावयास सांगणें, हें आशेचें काम होऊन बसतें. तें चुकलें, तर उसाच्या फडांत ओझें वाहतांना तिला चौथें गर्भारपण सोसावें लागतें.

एक उणीव मात्र राहून गेली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचें प्रमाण शंभरांत एकही भरत नाहीं. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व अधिक निर्धोक आहे. आफ्रिकेंतील नायजर देशांत हाच अडसर ओळखून २००७ सालीं झिंदर प्रांतांत ‘नवऱ्यांची शाळा’ काढण्यांत आली. तेथें गांवांतील विवाहित पुरुष एकत्र बसतात, बाळंतपण व संततिनियमन यांचा विचार करतात, आणि इतर नवऱ्यांची समजूत घालतात. जामखेडलाही शेतकरी मंडळें प्रथम पुरुषांचींच निघालीं होतीं. खेड्यांतील बाईला बाईनें समजवावें हें खरें. पण तिच्या नवऱ्याला कोणी समजवावें, हा प्रश्न सुटल्यावांचून तिच्या समजुतीचा उपयोग अर्धाच होतो.

आशेला पूर्ण पगार नाहीं. कामागणिक मोबदला व कांहीं मानधन एवढ्यावर ती उन्हातान्हांतून फिरते. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना तिचें कार्य दूरचें वाटण्याचा संभव आहे. पण त्यांच्याही घरांत पाळणा लांबविण्याची गोष्ट दिवाणखान्यांत निघत नाहीं, आणि निघाली तरी तिचा भार पत्नीवरच पडतो. कर्वे यांनीं १९२१ सालीं मांडलेला मूळ मुद्दा हाच होता, कीं मूल केव्हां व्हावें हें ठरविण्याचा अधिकार जिला तें नऊ महिने वाहावयाचें तिचा आहे. तांड्यावरची आशा हा मुद्दा व्याख्यानांत मांडीत नाहीं. चुलीपाशीं बसून ती एवढेंच विचारते, “बाई, तुला काय वाटतें?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते.