पाण्याखालची जमीन मोजायची असेल तर...

(गणेशोत्सवातील विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात तिरुविसनल्लूर येथे केलेले भाषण)



व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला मी माणूस. पण अलीकडे आपल्यातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला : "पोरगा हायड्रोग्राफीत एम.एस्सी. करतो म्हणतोय, पाठवू का?" समितीने सांगितले, एकेकाला सांगण्यापेक्षा सर्वांना एकदाच सांगा. म्हणून उभा आहे.

प्रथम हे शास्त्र कोणते ते पाहू. हायड्रोग्राफी म्हणजे जलसर्वेक्षण. समुद्र, खाडी, नदी यांच्या पाण्याखाली जमीन कशी आहे, किती खोल आहे, कुठे खडक, कुठे गाळ, हे मोजून जहाजांसाठी नकाशा करायचा. हायड्रॉलॉजी वेगळी, ती पाऊस, पूर, भूजल यांची विद्या. नावातल्या साम्यामुळे फार घोटाळा होतो. एन.आय.एच. म्हटले की रुडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि गोव्याची नौदलाची राष्ट्रीय हायड्रोग्राफी संस्था, दोन्ही तीच अक्षरे लावतात. गोव्यातच दोना पावलाला समुद्रविज्ञानाची तिसरी संस्था आहे. अर्ज भरण्याआधी पूर्ण नाव वाचा.

माझे काम पुलांच्या देखभालीचे. पूर येऊन गेला की खांबाभोवतीची वाळू किती खरवडली गेली ते आम्ही मोजतो. वरून पूल शाबूत दिसतो, पण पायाखाली काय चालले आहे ते कळत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिरुचीला कोळ्ळिडमवरचा १९२८ सालचा जुना पूल पुरात खचला, ते आपण सर्वांनी पाहिले. जमिनीच्या मोजणीत चूक झाली तर शेजारचा शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात येतो. पाण्याखालची चूक जहाजाचा तळ घासेपर्यंत कोणी सांगत नाही. २००४ च्या सुनामीनंतर बंदरांच्या तोंडाशी तळ किती बदलला हे ठाऊक नव्हते, त्यामुळे मदतीची जहाजे बेधडक आत घालता येत नव्हती. आपल्या नौदलाच्या सर्वेक्षण जहाजांनी श्रीलंकेच्या बंदरांत जाऊन ही मोजमापे केली. नागपट्टिनमचे ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना या कामाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

आता अभ्यासाकडे येतो. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याने इकडे येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. खोली मोजायला पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडत. आता जहाजातून ध्वनी सोडतात आणि तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. ऐकायला सोपे आहे. पण आपल्या कावेरीच्या मुखाशी, पूम्पुहारला जा. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांत ध्वनीच्या वेगाचा फरक सेकंदाला पस्तीसेक मीटरचा पडतो. खाऱ्या पाण्यात गोड्याचा वेग धरून हिशेब केला तर २० मीटर खोलीत जवळजवळ अर्ध्या मीटरची चूक निघते. अरुंद, वर्दळीच्या बंदरासाठी जो आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, त्यात त्याच खोलीला एकूण चूक सुमारे २९ सेंटिमीटरपर्यंतच चालते. शिवाय भरती-ओहोटी, जहाजाचे हेलकावे, उपग्रहावरून घेतलेले स्थान, या प्रत्येकाची चूक वेगळी. त्या सगळ्या एकत्र धरून आपल्या मापावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवणे, हीच या विषयातली खरी विद्या. कलनशास्त्र, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र कच्चे असेल तर आधी एक वर्ष ते पक्के करा.

आणि ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो ती गोष्ट. विद्यापीठाची पदवी वेगळी आणि व्यवसायाची मान्यता वेगळी. मोनॅकोला आंतरराष्ट्रीय हायड्रोग्राफिक संघटना आहे, १९२१ पासूनची. तिचे आणि सर्वेक्षकांच्या व नकाशाकारांच्या जागतिक संघटनांचे मिळून एक मंडळ आहे. ते अभ्यासक्रम तपासून श्रेणी 'ए' किंवा श्रेणी 'बी' देते. 'ए' म्हणजे आखणी आणि जबाबदारी घेणाऱ्यासाठी, 'बी' म्हणजे प्रत्यक्ष मोजणीचे काम चोख करणाऱ्यासाठी. 'बी' कमी प्रतीची असे समजू नका. आमच्याही खात्यात पूल कोणाच्या हातावर उभे आहेत ते सांगायला नको. पण ही मान्यता कायमची नसते, मुदतीची असते. आपल्या ओळखीतल्या एका मुलाने बाहेरच्या देशात कर्ज काढून शिक्षण घेतले. अभ्यासक्रमाच्या नावात हायड्रोग्राफी होती, मान्यता नव्हती. मुलाखतीत पहिला प्रश्न श्रेणीचा आला आणि मुलाखत तिथेच आटोपली. वडिलांनी गावाकडची जमीन गहाण टाकली होती. संस्थेचे नाव मी घेत नाही, पण असे पुन्हा आपल्यात होऊ नये. मान्य अभ्यासक्रमांची यादी ती आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः जाहीर करते. मुलाचे शिक्षण संपेल त्या तारखेला मान्यता चालू असेल का, हे फी भरण्यापूर्वी लेखी विचारा. शेवटचा प्रत्यक्ष सर्वेक्षणाचा प्रकल्प निदान चार आठवड्यांचा असावा, असा त्या मंडळाचाच दंडक आहे. तो कोणत्या पाण्यात, कोणत्या बोटीवर होतो तेही विचारा. नुसत्या संगणकावर हायड्रोग्राफर होत नाही.

गोव्याच्या संस्थेत मुख्यतः नौदलाचे अधिकारी, बंदरांनी पाठवलेले लोक आणि मित्रदेशांचे विद्यार्थी असतात. बाहेरच्यांना जागा आहे का, किती आणि कोणत्या अटीवर, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकावरून पाहा; मागच्या वर्षीच्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. परदेशात अमेरिका, जर्मनी, फ्रान्समध्ये सोय आहे. खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, दर वर्षी बदलतो.

नोकऱ्या बंदरांत, गाळ काढणाऱ्या कंपन्यांत, अंतर्देशीय जलमार्गांत, समुद्रातून केबल टाकणाऱ्यांकडे, तेलक्षेत्रात असतात. पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. अशा कामांत सर्वेक्षक आधी लागतो आणि शेवटपर्यंत लागतो. मात्र काम घरापासून दूर असते. आठवडेच्या आठवडे बोटीवर, डोके गरगरत असताना आकडे तपासायचे. आईवडिलांनी हे मुलाशी आताच बोलून घ्यावे. मुलींनीही अवश्य विचार करावा. उपकरणांना मुलगा-मुलगी कळत नाही.

पैसे भरण्यापूर्वी ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल त्यांनी तीन गोष्टी करा. जवळच्या बंदरात, कारैकाल किंवा नागपट्टिनमला, सर्वेक्षण विभागात कोणी भेटते का पाहा. शक्य झाले तर परवानगी घेऊन एक दिवस सर्वेक्षणाच्या बोटीवर काढा. आणि बारावीची गणिताची पुस्तके पुन्हा उघडा. माहितीपत्रक इंग्रजीत असते, अटी बारीक अक्षरांत असतात. ज्यांना वाचायला अडचण वाटेल त्यांनी ते घेऊन यावे. आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलाजवळ बसलेला असेन.