पोथीसुद्धा पारखून घ्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय आपल्याच नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातला. नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी झाली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पण त्यांच्या हातची पोथी आज कुठेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. नक्कल करणारा कुठे शब्द बदलतो, कुठे पदरची ओवी घालतो. म्हणून 1584 साली संत एकनाथांनी पाठ ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले.

पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडला पाटांगण इथे एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची, असे सांगून त्यांनी 1909 साली छापली. विद्वानांत वाद लागला. भाषेची रूपे जुनी आहेत हे खरे, पण तेवढ्याने पोथी तितकी जुनी ठरते काय? राजवाड्यांचा दावा सर्वांनी मानला नाही. तरी 1960 साली सरकारने ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा पाया राजवाडे प्रतीचाच धरला. दावा वेगळा तपासला, मजकूर वेगळा तपासला.

आम्ही गिरणी कामगार. ठाणावर छाप कुणाचाही असो, कापड उजेडाला धरून उभा-आडवा धागा बघितल्याशिवाय आम्ही ते चांगले म्हणत नव्हतो. पोथीचेही तसेच आहे.

कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचे? बंधूंनो, पोथीतल्या ओळी दाखवूनच आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले. ती ओळ कुणी लिहिली, केव्हा घातली, हे विचारायची त्यांना सोय नव्हती. आपल्याला आहे.

आणि हा नियम आपल्या ग्रंथांनाही लागू. बुद्धवचन भाणकांनी तोंडपाठ जपले, त्यात चूकभूल होऊ शकते, हे बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सांगितले. जे बुद्धीला पटते आणि माणसाच्या हिताचे आहे, तेच बुद्धवचन, अशी कसोटीही दिली.

एक विनंती. घरातली जुनी पत्रे, वह्या, सभेची हस्तपत्रके रद्दीत घालू नका. कुणी लिहिले, केव्हा लिहिले, ते वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवून ठेवा. नाहीतर उद्या आपल्या चळवळीच्या कागदांवरही असाच वाद होईल आणि साक्ष द्यायला आपण नसू.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!