नववधूचा शृंगार आणि तिचे स्वतःचे तेज
(लोहारा येथील वधू-वर परिचय मेळाव्यात मंडळाच्या महिला शाखेतर्फे झालेले भाषण)



नववधूच्या शृंगारावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. शिक्षण, शेती, हुंडा असे गंभीर प्रश्न समाजापुढे असताना रंगभूषेची चर्चा कशाला, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु गेली अनेक वर्षे नववधूंना सजविण्याचे काम करीत असता आम्हांस असे दिसून आले की, लेकीच्या चेहऱ्यास त्या दिवशी काय लावले जाते यापेक्षा ते का लावले जाते, हा प्रश्न मोठा आहे. म्हणूनच आज आम्ही आपणांपुढे उभ्या आहोत.

आपल्या आया-आज्यांच्या काळी वधूचा शृंगार घरातच होई. हळद, डाळीच्या पिठाचे उटणे, डोळ्यांत काजळ, कपाळी मळवट, हातांत हिरवा चुडा आणि माथ्यावर मुंडावळ्या बांधल्या की नवरी सजली. पुढे स्नो-पावडर आली. १९१९ साली मुंबईत अफगाण स्नो निघाले. १९५२ साली टाटांनी लॅक्मे काढले. ते नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. आज तालुक्याच्या गावीही ब्यूटी पार्लर आहेत. हा बदल आम्ही वाईट मानीत नाही. त्यातून कित्येक भगिनींची चूल पेटते आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र स्त्रियांनी केशभूषा करावी, रंगभूषा पुरुषांनीच करावी, असा संघटनेचा दंडक कित्येक दशके चालत आला होता. चारू खुराणा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दंडक घटनाबाह्य ठरविला. ज्या विद्येसाठी स्त्रियांना एवढे झगडावे लागले, ती हलकी कशी म्हणावी?

आता त्या विद्येविषयी. ‘चेहरा नैसर्गिक दिसावा, पण तेज यावे,’ असे प्रत्येक मुलगी म्हणते. हे साधणे थापून रंग देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आपल्या भागातील मुलगी रानात राबलेली असते. तिचा चेहरा उन्हाने रापलेला आणि पदराआडची मान त्याहून उजळ असते. म्हणून फाउंडेशनची छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात पाहावी. जी छटा लावताच दिसेनाशी होते, ती तिची. डोळ्यांखालच्या काळेपणावर पांढरट लेप दिला की तो राखाडी दिसतो. सावळ्या कातडीवर तेथे आधी नारिंगी छटेचा हलका हात द्यावा लागतो. वैशाखातील लग्नात घाम येणारच. तेथे जाड थर ओघळतो, पातळ थर टिकतो. काही पावडरी व क्रीम यांत झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड असते; फ्लॅशच्या झोतात ती प्रकाश परतवितात आणि आरशात छान दिसलेली नवरी फोटोत पिठात बुडविल्यासारखी येते. म्हणून आधी एकदा पूर्ण मेकअप करून फोटो काढून पाहावा. नवे क्रीम दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. ब्लीच वा फेशियल लग्नाच्या तोंडावर करू नये. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीपासून तर दूरच राहावे. तीत पुष्कळदा केस काळे करण्याचे रसायन असते व त्याने फोड उठतात.

येथवर सर्व कौशल्याचे झाले. आता दुःखाची गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक मुलगी सजण्यास आली होती. पाहण्याच्या वेळी ‘मुलगी थोडी सावळी आहे’ एवढे एक वाक्य तिच्या कानी पडले होते. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत तीन महिने ती कोणासही न सांगता दुकानातून आणलेले एक मलम तोंडास लावीत होती. प्रथम रंग उजळला, घरच्यांनी कौतुक केले. पुढे कातडी पातळ झाली, गालांवर लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम बंद करताच चेहऱ्याची आग होऊ लागली. हळदीच्या दिवशी करवल्या हळद घेऊन आल्या, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. नवरीच्या गालांस हळद लागली नाही, असे ते लग्न आम्ही पाहिले. आमच्या पेटीतील कोणताही रंग त्या दिवशी तिच्या कामाचा नव्हता.

ते मलम स्टेरॉइडचे होते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. काही गोरेपणाच्या क्रीमांत पारा असतो. तो कातडीवाटे शरीरात शिरून मूत्रपिंडास अपाय करतो. मातांनो, लग्न ठरलेल्या लेकीच्या उशाखाली कसली नळी आहे, हे एकदा पाहून घ्या.

खरे तेज रक्तात असते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत सुमारे ५४ जणींना रक्ताल्पता आहे. फिकट ओठांवर लाली लावता येते, पण थकवा झाकता येत नाही. लग्नाच्या सहा महिने आधी रक्त तपासावे. बाजरी, कडधान्ये, हिरव्या भाज्या यांवर लिंबू पिळून खावे, जेवणाबरोबर चहा टाळावा, आणि डॉक्टर सांगतील तर लोहाच्या गोळ्या घ्याव्या. या शृंगारास पार्लरचे पैसे पडत नाहीत.

बंधुभगिनींनो, लग्नानंतर आपण नव्या जोडप्यास तुळजापूरला नेतो. ज्या आईपुढे ते मस्तक ठेवतात, तिची मूर्ती काळ्या गंडकी शिळेची आहे. तिला अलंकार घालतात, मळवट भरतात, पण कोणी तिला गोरी करावयास जात नाही. पंढरीच्या सावळ्या रूपापुढे तर आपण देहभान विसरतो. देवळात जो रंग आपल्यास वंद्य, तोच घरी सून पाहताना उणा कसा ठरतो?

यास्तव मंडळापाशी आमचे एकच मागणे आहे. आपल्या परिचयपत्रकात शिक्षण, उंची, व्यवसाय यांच्या खाली ‘वर्ण’ असा एक रकाना आहे. तेथे कोणी ‘गोरा’ लिहितो, कोणी ‘निमगोरा’. आणि ‘सावळा’ लिहिताना मुलीच्या बापाचा हात थबकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२० साली इंटरनेटवरील एका मोठ्या विवाह-संस्थेने कातडीच्या रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गाळला. व्यापाऱ्यांस जे उमगले, ते ज्ञातीच्या हितासाठी झटणाऱ्या मंडळास अवघड नसावे. पुढील वर्षीच्या पत्रकातून तो रकाना काढावा, अशी नम्र विनंती आहे.

तो रकाना गेला म्हणून सर्वांची दृष्टी एका वर्षात बदलेल, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मंडळाचा छापील कागद तरी त्या मुलीस उणे म्हणणार नाही. मग ती आमच्यासमोर आरशापुढे बसेल, तेव्हा ‘मला गोरी करा’ न म्हणता ‘मला माझ्यासारखीच दिसू द्या’ असे म्हणेल; आणि तेवढे करणे आमच्या हाती खास आहे.