यंत्रमारिया ते व्योममित्रा

विज्ञानपटांतील स्त्रीचित्रण या विषयावर एका महिला वाचक मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.



आजचा विषय कळल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे मी गृहीत धरले आहे. परग्रहावरचे राक्षस, लेझरच्या बंदुका आणि कोसळणाऱ्या इमारती यांत स्त्रीप्रश्न कुठून आला? परंतु थोडा विचार करून पाहा. पौराणिक चित्रपट कालचे जग दाखवतो, कौटुंबिक चित्रपट आजचे. विज्ञानपट मात्र उद्याचे जग दाखवतो. तेथे दिग्दर्शकावर रूढीचे बंधन नसते आणि 'त्या काळी असेच होते' ही सबबही नसते. माणूस प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतो अशी कल्पना ज्याला करता येते, त्याला त्या यानाच्या सुकाणूपाशी स्त्री बसलेली कल्पिता येते की नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आपल्या घरातील नातवंडे रविवारी दुपारी जे चित्रपट पाहतात, त्यांतून ती उद्याची कल्पना उचलत असतात.

या साहित्यप्रकाराचा पायाच मुळी एका स्त्रीने घातला. 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली प्रसिद्ध झाली तेव्हा मेरी शेली अवघी वीस वर्षांची होती आणि पुस्तकावर तिचे नावही नव्हते. आपल्याकडे १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा आली. या कथेतील देशात स्त्रिया सूर्याची उष्णता साठवतात, आकाशात वाहने उडवतात आणि पुरुष पडद्याआड राहून घरकाम करतात! विनोद बाजूला ठेवला, तरी सौरशक्तीची ही कल्पना एका पडदानशीन समाजातील स्त्रीने केली होती, हे विसरू नये.

चित्रपटाची गोष्ट मात्र निराळी. १९२७ साली जर्मनीत फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' आला. जमिनीखाली राबणारे कामगार, वर विलासात राहणारे धनिक आणि मध्ये मारिया नावाची तरुणी. ती कामगारांना शांतीचा उपदेश करते, पुराच्या पाण्यातून त्यांची मुले वाचवते. एक शास्त्रज्ञ आपल्या गमावलेल्या प्रेयसीच्या आठवणीने यंत्रस्त्री घडवतो आणि नगराधिपतीच्या आज्ञेवरून तिला मारियाचा चेहरा देतो. ही यंत्रमारिया नाचते, पुरुषांना वेडावते, कामगारांना विध्वंसासाठी भडकावते आणि शेवटी चितेवर जळते. दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या एकाच नटीने केल्या. एकीकडे देवी, दुसरीकडे मोहिनी. आणि मोहिनी कोणाच्या तरी कारखान्यात तयार झालेली. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांतील यंत्रस्त्रिया या एका चित्रपटाच्या लेकी आहेत.

या चित्रपटाची कथा-पटकथा लिहिणारी थिया फॉन हार्बू ही लांगची पत्नी. लांगपासून विभक्त झाल्यावर तिने ज्यांच्याशी संसार मांडला ते अयि तेंडुलकर हे बेळगावकडचे मराठी पत्रकार होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेंडुलकरांच्या कन्या लक्ष्मी धौल यांनी आपल्या आईवडिलांविषयी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकात तो सारा इतिहास आला आहे. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना थियाने आधार दिला. पण तीच थिया लांगने जर्मनी सोडल्यावरही मागे राहिली आणि हिटलरच्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिली, हेही सांगितलेच पाहिजे. स्त्रीने लिहिले म्हणजे स्त्रीचे चित्र आपोआप न्याय्य उतरते, अशा भ्रमात राहण्याचे कारण नाही. देवी आणि मोहिनी ही फाळणी करणारी लेखणी स्त्रीचीच होती.

पुढची तीन-चार दशके मी झपाट्याने ओलांडतो, कारण तेथे किंचाळणाऱ्या तरुणींखेरीज फारसे काही नाही. १९६३ साली सोव्हिएत रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा प्रत्यक्ष अवकाशात जाऊन आली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६८ साली, स्टॅन्ली क्युब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' आला. माणसाच्या उत्क्रांतीचा ठाव घेणारा हा थोर चित्रपट. त्यातील अवकाशप्रवासात स्त्री म्हणून ठसठशीतपणे लक्षात राहते ती मात्र जेवणाचे ताट आणून देणारी हवाई सुंदरी! वास्तव पुढे गेले होते. कल्पनाशक्तीच मागे रेंगाळत होती.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील राजकन्या लेया ही त्या मानाने तेजस्वी. सुटकेसाठी आलेल्या वीरांच्या हातातील बंदूक घेऊन वाट काढणारी ती तीच. पण अख्ख्या आकाशगंगेत तिच्याशिवाय लक्षात राहावी अशी बोलणारी दुसरी स्त्री म्हणजे नायकाची काकू, आणि तीही थोड्याच वेळात मारली जाते. १९८३ च्या तिसऱ्या भागात याच राजकन्येला तोकडी वस्त्रे घालून, गळ्यात साखळी बांधून बसवले. त्याच साखळीने ती आपल्या बंदीकर्त्याचा गळा आवळते, हे खरे. परंतु भित्तिचित्रांवर मिरवली ती साखळी बांधलेली लेयाच. कॅरी फिशर या अभिनेत्रीच्या मनात ही गोष्ट किती सलत होती, हे तिने २०१५ साली नव्या पिढीतील नायिकेला आपल्या पोषाखासाठी भांडण्याचा सल्ला दिला त्यावरून कळते. जाता जाता आणखी एक. १९७७ च्या त्या चित्रपटाला संकलनाचे ऑस्कर मिळाले, ते तीन संकलकांना. त्यांतील एक दिग्दर्शकाची पत्नी मार्शिया लुकास. पडद्यामागे स्त्रीची कात्री नसती तर तो चित्रपट आहे तसा उभा राहिला असता का?

खरा पालट झाला १९७९ साली, रिडली स्कॉटच्या 'एलियन'मुळे. आणि तो झाला कसा, ते मोठे उद्बोधक आहे. पटकथाकारांनी पात्रांना केवळ आडनावे दिली होती आणि सर्व भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही कराव्यात, अशी सूचना लिहून ठेवली होती. त्यातून सिगर्नी वीव्हरची रिप्ली जन्मली. ती कोणाची प्रेयसी नाही, कोणाची कन्या नाही. ती आपले काम जाणणारी अधिकारी आहे. बाधा झालेल्या सहकाऱ्याला यानात घेऊ नये, असे नियमावर बोट ठेवून ती सांगते. तिचे ऐकले जात नाही आणि सारे संकट तेथून ओढवते. कार्यालयात नोकरी करणाऱ्या आपल्यातील भगिनींना हा प्रसंग अगदी ओळखीचा वाटेल! शेवटी तिला अंतर्वस्त्रांत उभे करण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरला नाही, हा त्या चित्रपटाचा डाग आहे. पण रिप्ली उरते, तिची बुद्धी उरते.

१९८५ साली ॲलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीने एका चित्रमालिकेत चित्रपट पाहण्याचा एक नियम मांडला. चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावे आणि ते बोलणे पुरुषाव्यतिरिक्त कशाविषयी तरी असावे. त्या चित्रातील पात्र म्हणते की, या नियमात बसलेला आपण पाहिलेला शेवटचा चित्रपट म्हणजे 'एलियन'. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा! बेक्डेलबाईंची इतर मते आपल्याला पटोत वा न पटोत, हा नियम घरी बसून लावून पाहण्याजोगा आहे. आपल्या मराठी मालिकांनाही लावून पाहा.

१९८६ च्या 'एलियन्स'मध्ये जेम्स कॅमेरॉनने रिप्लीला आई केले. सत्तावन्न वर्षांच्या शीतनिद्रेनंतर ती जागी होते, तोवर तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. पुढे एका अनाथ मुलीला वाचवण्यासाठी ती परत आगीत शिरते आणि तेथे तिच्यासमोर उभी राहते तीही एक आईच, अंड्यांची राखण करणारी राक्षसी राणी. गंमत अशी, की मुलीच्या मृत्यूचे दृश्य निर्मात्यांनी प्रदर्शनाच्या वेळी कापून टाकले. ते पुढे विस्तारित आवृत्तीत परत आले. चित्रपटाचा मर्मबिंदूच त्यांना अनावश्यक वाटला!

मातृत्व आणि पराक्रम यांत विरोध मानण्याची खोड आपल्या परंपरेला नाही. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो: त्या आईला स्वतःचे कर्तृत्व आहे, की ती केवळ पुत्राच्या कर्तृत्वाचे पात्र आहे? जिजाऊसाहेबांना आपण वंदन करतो ते त्यांनी शिवरायांना जन्म दिला एवढ्यासाठीच नव्हे. उद्ध्वस्त पुण्याची घडी बसवणारी त्यांची दृष्टी होती म्हणूनही. या कसोटीवर सारा कॉनर पाहा. १९८४ च्या 'टर्मिनेटर'मध्ये ती हॉटेलात वाढण्याचे काम करणारी साधी मुलगी. यंत्रे तिला मारू पाहतात, कारण तिचा पुत्र पुढे मानवजातीचा नेता होणार आहे. १९९१ च्या दुसऱ्या भागात हीच सारा मनोरुग्णालयात कोंडलेली, दंड कमावलेली, डोळ्यांत अंगार असलेली दिसते. सर्वांना आठवतात ते लिंडा हॅमिल्टनचे दंड. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. ज्या संशोधकाच्या कामातून विनाशक यंत्रे जन्मणार, त्याला ठार करायला ती त्याच्या घरात शिरते. बंदूक रोखते. समोर त्याची पत्नी आणि लहान मुलगा. तिचा हात थांबतो आणि ती भिंतीला टेकून कोसळते. यंत्राशी लढता लढता आपणही यंत्र होत चाललो आहोत, हे त्या क्षणी तिला उमगते. हा निर्णय तिचा आहे, पुत्राचा नव्हे.

'ज्युरासिक पार्क' आपल्याकडे १९९४ साली हिंदीत आला आणि लहानमोठे सारे डायनोसॉरमय झाले. त्यातील एली सॅटलर आठवते? आजारी प्राण्याचे निदान करण्यासाठी शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालणारी वनस्पतिशास्त्रज्ञ! बंद पडलेली वीज सुरू करायला कोणी जायचे, हा प्रश्न येतो तेव्हा वृद्ध मालक पुरुष या नात्याने अवघडतो. ती चर्चा परत आल्यावर करू, असे सांगून ती निघते. त्यानंतर बावीस वर्षांनी, २०१५ च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'मध्ये, नायिका डायनोसॉरपुढे उंच टाचांच्या चपला घालून धावते. एवढी टीका झाली, की २०१८ च्या पुढच्या भागात कॅमेऱ्याने तिचे बूट आवर्जून दाखवले. काळ पुढे सरकला म्हणजे समाज पुढे सरकतोच असे नाही.

या मागे-पुढे होण्याचे एक कारण बाजारात आहे. 'आयर्न मॅन ३'चे दिग्दर्शक शेन ब्लॅक यांनी २०१६ साली सांगितले, की त्या चित्रपटातील खलपात्र मूळ स्त्री होते. स्त्रीची खेळणी खपणार नाहीत या धास्तीने ते बदलून पुरुष करावे लागले. त्याच सुमारास 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाची नायिका रे हिलाच मोनोपॉलीच्या खेळातून वगळल्याचे पाहून एका आठ वर्षांच्या मुलीने कंपनीला पत्र लिहिले आणि कंपनीला सोंगटी घालावी लागली. मनोरंजनाच्या महासत्तेत कथा खेळण्याच्या दुकानात ठरते आणि तिला वठणीवर आणते एक शाळकरी पोर!

आता आपल्या घरात डोकावू. दोष दाखवताना बोट केवळ पश्चिमेकडे वळवणे सोयीचे असते, प्रामाणिक नसते. शंकर यांचा 'एंदिरन', हिंदीत 'रोबोट', २०१० साली आला. ऐश्वर्या राय त्यात वैद्यकीय विद्यार्थिनी आहे, पण कथेत तिचे काम एकच: यंत्रमानव आणि त्याचा निर्माता यांच्यात भांडणाचे कारण होणे. त्याहून मन विषण्ण करणारा एक प्रसंग आहे. आगीत अडकलेल्या, स्नान करणाऱ्या तरुणीला यंत्रमानव तशाच अवस्थेत सर्वांसमोर बाहेर आणतो आणि लज्जेने ती वाहनाखाली जीव देते. चित्रपट पुढे काय करतो? यंत्राला भावना शिकवायला हव्यात, असा निष्कर्ष काढून पुढे निघून जातो. लाजेने मरणे तिच्याच वाट्याला का यावे आणि तिच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यांना लाज का वाटू नये, हे कोणीच विचारत नाही.

२०२४ चा 'कल्कि २८९८ एडी' महाभारताचा धागा पकडून भविष्यात जातो. प्रयोगशाळेत कोंडलेल्या गर्भवतीला तेथे नाव नाही, क्रमांक आहे. स्त्रीला केवळ गर्भाशय समजणाऱ्या सत्तेचे ते चित्र भेदक आहे. परंतु तिच्या भोवती अश्वत्थाम्यापासून सारे लढत असताना तिच्या मनात काय चालले आहे, हे दीपिका पदुकोणच्या डोळ्यांवरून ओळखावे लागते. संवाद इतरांच्या वाट्याला आले आहेत.

'मिशन मंगल' हा कल्पित विज्ञानपट नव्हे, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. मंगळयानाच्या मोहिमेतील स्त्रियांची ही कथा. विद्या बालनची तारा शिंदे पुरी तळताना गॅस बंद करून तापल्या तेलाचा उपयोग करते आणि त्यातून इंधनबचतीची युक्ती सुचवते. काहींना हे स्त्री-शास्त्रज्ञांना स्वयंपाकघरात ढकलणे वाटले. मला तसे वाटत नाही. घरातील काटकसर हेही ज्ञानच आहे. मला खटकले ते दुसरेच. स्त्रियांच्या या कथेच्या भित्तिचित्रावर सर्वांत मोठा चेहरा नायकाचा होता. तो चित्रपट १५ ऑगस्ट २०१९ रोजी आला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २२ जुलैला, चांद्रयान-२ ने उड्डाण केले होते. प्रकल्प संचालक मुथय्या वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल. नायकावाचून ते यान उडाले.

पडद्यावरची प्रतिमा प्रत्यक्षात काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १९६६ पासूनच्या 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेत निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री यानावरील संपर्क अधिकारी होती. पहिल्या वर्षानंतर ती सोडून जाणार होती; मार्टिन ल्यूथर किंग यांनी आग्रहाने थांबवले, असे ती सांगत असे. १९७७ साली नासाने अंतराळवीर भरतीच्या प्रचारासाठी तिचीच मदत घेतली. १९७८ च्या पस्तीस जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील सॅली राइड १९८३ साली अवकाशात गेली. तिच्यासाठी अभियंत्यांनी सौंदर्यप्रसाधनांची पेटी तयार केली होती, हे वेगळे सांगायला नको! मे जेमिसन १९९२ साली गेली. ती लहानपणी हीच मालिका पाहत वाढली होती.

आणि आता आपले गगनयान. २०२० च्या जानेवारीत इस्रोने बंगळुरूत व्योममित्रा जगापुढे आणली. मानवविरहित उड्डाणात यानातील स्थितीची नोंद घेण्यासाठी घडवलेली, बोलणारी यंत्रस्त्री. संस्कृत नाव, भारतीय चेहरा. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष अंतराळवीरांची नावे जाहीर झाली ती चार पुरुषांची, कारण निवड वायुदलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली होती. म्हणजे आपल्या यानासाठी यंत्राची स्त्री आधी निश्चित झाली, हाडामांसाची अजून व्हायची आहे. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये म्हटले होते, की पुढील मोहिमांसाठी स्त्री वैमानिक किंवा स्त्री वैज्ञानिक मिळाल्या तर हव्याच आहेत. सभागृहात मागच्या रांगेत काही महाविद्यालयीन मुली बसलेल्या दिसत आहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करू या.