चोरीच्या पैशावर कर



एक प्रश्न आम्हांला पुष्कळ वेळा विचारला जातो. "गुरुजी, लाचेच्या, चोरीच्या पैशावरही सरकार कर घेते म्हणे. मग सरकार चोरीत भागीदार झाले की काय?"

तसे नव्हे. शिक्षक पगारावर कर भरतो. व्यापारी नफ्यावर भरतो. चोराला मात्र माफी दिली, तर चोरीच फायद्याची ठरेल. म्हणून कायदा म्हणतो, कमाई कशीही असो, कर द्या. पण कर भरला म्हणून गुन्हा माफ होत नाही. कर वेगळा, शिक्षा वेगळी.

अमेरिकेत शिकागो शहरी अल कपोन नावाचा मोठा गुंड होता. त्याचे इतर गुन्हे शाबीत करणे अवघड गेले. शेवटी 1931 साली कर चुकवल्याबद्दल त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली!

आपल्याकडचे पाहा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी. त्याने खोटे मुद्रांक कागद छापून विकले. 2001 साली तो अजमेरला पकडला गेला. 2007 साली कोर्टाने त्याला 13 वर्षे सक्तमजुरी आणि 202 कोटी रुपये दंड सुनावला. आयकर खात्यानेही त्याच्याकडे कर मागितला. 2017 साली शिक्षा भोगत असतानाच तो वारला.

पण असा पैसा सापडणे सोपे नाही. चोर वहीत 'चोरी' असे लिहीत नाही. तो पैसा 'धुतो'. आधी लपवतो, मग दहा हातांतून फिरवतो, शेवटी कष्टाची कमाई म्हणून दाखवतो. परीट धुतो तेव्हा मळ जातो. इथे मळ राहतो, फक्त खूण जाते.

यात आपला संबंध कुठे येतो? शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. म्हणून काही लोक काळा पैसा 'शेतीत पिकला' म्हणून सांगतात. कोरडवाहू एकरात तूर किती होते, ते दुधनीच्या शेतकऱ्याला का ठाऊक नाही? पण कागदावर काहीही पिकते!

मग कोणी गोड बोलून येतो. "काका, तुमचा सातबारा द्या. पासबुक द्या. चार दिवस पैसे ठेवा, हजार रुपये घ्या." 2016 साली नोटाबंदी झाली तेव्हा असे पुष्कळ ठिकाणी घडले.

सावध राहा. पैसा धुण्याविरुद्धचा कायदा 2002 साली झाला, 1 जुलै 2005 पासून लागू झाला. त्यात तीन ते सात वर्षे सक्तमजुरी आहे. जाणूनबुजून मदत करणाराही गुन्हेगारच. मालक पळून जातो. खाते तुमच्या नावाचे, म्हणून पोलीस तुमच्या दारी येतात.

तेव्हा पासबुक, सही, अंगठा कोणालाही उसना देऊ नका. माल विकला की आडत्याकडून पट्टी मागून घ्या आणि जपून ठेवा. आता तुम्हांला वाचता येते. सही करण्याआधी कागद वाचा. वाचून समजले नाही, तर सही करू नका.